चार मिलिमीटर

बेचाळीस दिवसांच्या प्रवासाचा बेत ब्लेडमास्तरांनी सातव्यांदा बदलला, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या केसांत खोचून टाकली.

"आता सांगा," ती म्हणाली. "या रस्त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

जेवणाच्या टेबलावर रस्त्यांचा मोठा नकाशा पसरलेला होता. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर टॉर्च. घरापासून निघालेली पेन्सिलीची रेघ उत्तरेला सरळ जात होती, आणि डोंगर लागायच्या आत एकाएकी डावीकडे वळून, चांगला एकशे नव्वद किलोमीटरचा वळसा घालून पुन्हा त्याच रस्त्याला येऊन मिळत होती. सात बेतांत बाकी सगळं बदललं होतं. मुक्काम बदलले, दिवस बदलले, तळ्यावर दोन रात्री की तीन यावर दोघांची कडाक्याची भांडणं झाली. वळसा मात्र होता तिथेच होता.

"तिकडे रस्ता खराब आहे," मास्तर म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"ऐकलंय."

"मी फोन करून विचारलं. दोन वर्षांपूर्वी नवा केलाय. अहो, सव्वीस वर्षं बस चालवली मी, आणि खराब रस्ता मला सांगता?"

ते खरंच होतं. बाई शाळेच्या बसवर ड्रायव्हर होती. सव्वीस वर्षं तोच अकरा किलोमीटरचा फेरा, सकाळी एकदा, दुपारी एकदा. मागे चाळीस पोरांचा कलकलाट आणि पुढे बाई, आरशातून एकेकाला नावानिशी दम देत. पोरं तिला बसबाई म्हणायची. त्यातली कित्येक आता स्वतः आईबाप झाली, तरी भर बाजारात "बसबाई!" म्हणून ओरडतात आणि ही तिथल्या तिथे "शर्ट खोच आधी!" म्हणून उत्तर देते. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन तिने जाहीर केलं होतं, की आता मला असा रस्ता पाहिजे जो संध्याकाळी त्याच फाटकाशी आणून सोडत नाही. त्या एका वाक्यापायी जुनी व्हॅन आली, दोन माणसांचा तंबू आला, गॅसची छोटी शेगडी आली, घडीच्या खुर्च्या आल्या. सगळं आलं आणि निघणं तेवढं अडून बसलं.

आणि अडवणारा कोण? तर ज्याने जन्मभर रस्तेच काढले तो नवरा.

मास्तर नकाशा कचेरीत ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं ते उंच स्टुलावर बसून पारदर्शक फिल्मवर शाईने रेघा ओढत आले. शाईची रेघ चुकली तर ती पुसता येत नाही, ब्लेडने खरवडावी लागते, आणि तिथेच भल्याभल्यांचा हात चुकतो. फिल्मवर ओरखडा उठतो, पुढची शाई फुटते. मास्तरांचा हात असा हलका, की रेघ तिथे होती हे शोधायला भिंग घेतलं तरी सापडायचं नाही. म्हणून कचेरीने त्यांना ब्लेडमास्तर हे नाव दिलं. माणूस अबोल, नाकासमोर चालणारा. बायको दोघांचंही बोलून घ्यायची, त्यामुळे घरात कधी काही कमी पडलं नाही.

पण मास्तरांना पाण्याचा आवाज यायचा.

भर दुपारी, पेपर वाचताना, ते मान वर करायचे. "नळ चालू राहिलाय का गं?"

"नाही."

तरी ते उठायचे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचं अंगण, सगळे नळ हाताने आवळून यायचे. परत येऊन बसायचे, पेपर उघडायचे आणि दोन मिनिटांनी पुन्हा मान वर. बावीस वर्षं हे चाललं होतं. बायकोने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तर तो म्हणाला, कान अगदी तरुण माणसाचे आहेत. बाई त्याच्यावरच चिडली. "कान चांगले असतील तर मग माझं का ऐकू येत नाही यांना?"

मी सगळं आत्ताच सांगून टाकतो. लपवाछपवी मास्तरांनी पुष्कळ केली, आपण आणखी कशाला करा!

त्या डोंगरातल्या भागाचं शीट मास्तरांनी काढलं होतं. तिथे एका ओढ्याच्या उंच काठावर तंबू ठोकायची जागा होती, आणि तिचं चिन्ह म्हणजे एवढासा काळा तंबू. शेजारीच एका गावाचं लांबलचक नाव होतं आणि तंबू नेमका त्याच्या शेवटच्या अक्षरावर चढत होता. कचेरीचा नियम असा, की अक्षरावर चिन्ह चढता कामा नये. अक्षर हलवायचं तर पाच सह्या लागायच्या आणि तीन आठवडे जायचे. चिन्हाला मात्र सही लागत नसे. चार मिलिमीटरपर्यंत ड्राफ्ट्समनने आपल्या अकलेने सरकवावं. मास्तरांनी तंबू चार मिलिमीटर खाली घेतला. तिथे ओढ्याची निळी तुटक रेघ होती. तुटक रेघ म्हणजे कोरडा ओढा, पाऊस झाला तरच वाहणारा. दुसरा नियम असा, की चिन्ह आलं की त्याच्या आजूबाजूची रेघ काढून टाकायची, म्हणजे चिन्ह ठसठशीत दिसतं. मास्तरांनी ब्लेड चालवलं. रेघ गेली, डागसुद्धा राहिला नाही. साहेबांनी शीट उजेडावर धरून "वा!" म्हटलं आणि चहा मागवला.

नकाशावरचे ते चार मिलिमीटर जमिनीवर दोनशे मीटर होतात. उंच काठावरचा तंबू ओढ्याच्या वाळूत जाऊन बसला, आणि तिथे ओढा आहे हे नकाशाने सांगायचंच सोडून दिलं.

पुढच्या वर्षी एक कुटुंब तो नकाशा घेऊन तिथे गेलं. नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. सपाट, मऊ वाळू बघून खूशही झाले असतील. उजाडता उजाडता नवरा चहाची भांडी आणायला वर रस्त्यावर गाडीपाशी गेला. पाऊस तिथे नव्हताच, वर डोंगरात कुठेतरी झाला होता. तो भांडी घेऊन वळला तर खाली तंबू नव्हता, नुसतं तांबडं पाणी होतं. दोघी चौथ्या दिवशी सापडल्या. पेपरात सहा ओळी आल्या, त्या मास्तरांनी कचेरीच्या कँटीनमध्ये वाचल्या आणि जागेचं नाव बघून हातातला घास परत ताटात ठेवला. बाजूचा म्हणाला, "काय झालं हो?" मास्तर म्हणाले, "काही नाही." तेव्हापासून ते पाणी त्यांच्या मागे लागलं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ही बाई चाळीस पोरं रोज पोचवायची, आणि बसमधून उतरलेलं प्रत्येक पोर रस्ता ओलांडून जाईपर्यंत गिअर टाकायची नाही. तिच्या नजरेतून एकदा उतरलो तर घरात राहायचं कोणाच्या तोंडाकडे बघून? बावीस वर्षं मास्तरांचा जीव याच एका गोष्टीला टांगलेला होता.

पेन्सिल जप्त झाली त्यानंतरच्या रविवारी बाईने मागच्या अंगणात तंबू उभारला. घरात बोलून काही होत नाही, तर निदान तंबू बघून यांना हुरूप येईल, असा तिचा हिशेब. नारिंगी तंबू होता. ती आत जाऊन बसली आणि हाक मारली, "या की! आत केवढी जागा आहे बघा!"

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ऊन पलीकडून पडलं होतं, त्यामुळे कापडावर आतल्या बायकोची सावली दिसत होती. आणि तिच्या शेजारी आणखी एक सावली होती, लहान, गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखी. ती झोपायची वळकटी होती. मास्तरांना ते कळत होतं, दुपारी त्यांनीच ती वळकटी आत नेऊन ठेवली होती. तरी लहान सावलीने मान वळवली असं त्यांना दिसलं. त्याच क्षणी पाणी सुरू झालं, आणि या वेळी ते नळाचं नव्हतं, लांबून दगड लोटत येणारं होतं.

"बाहेर ये!" मास्तर ओरडले. "अगं बाहेर ये आधी! वर ये!"

बाई घाबरून रांगतच बाहेर आली. कोरडं ठणठणीत अंगण, वाळत घातलेले कपडे आणि नवरा पांढराफटक. "वर म्हणजे कुठे हो?" तिने विचारलं. मास्तर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

संध्याकाळी चहा घेऊन ती आली, तेव्हा तिच्या काखेत पुठ्ठ्याची एक लांब नळी होती.

"हे बघा," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही सांगणार नाही, मला माहीत आहे. भीती वाटत असेल, वय झालंय, ठीक आहे. पण मी जाणार. तुम्हाला तो वळसा घालायचा असेल तर आगगाडीने घाला आणि पुढे येऊन मला भेटा. मी व्हॅन घेऊन सरळ जाणार. पहिला मुक्काम मी ठरवलाय. तुम्हाला निघताना सांगणार होते, गंमत म्हणून."

तिने नळीतून एक नकाशा काढला आणि पलंगावर पसरला. मास्तर काढत त्या प्रत्येक शीटची पहिली छापील प्रत घरी आणत. खाली समासात बारीक अक्षरांत त्यांची आद्याक्षरं असत, आणि बायको ती प्रत जपून ठेवी. त्यांना वाटलं होतं, दोन घरं बदलताना ही बाडं रद्दीत गेली असतील. तिने काळ्या तंबूवर बोट ठेवलं.

"तुमच्या हातच्या चिन्हावर तंबू ठोकायचा," ती म्हणाली. "जन्मभर काढलेत, एकदा तरी त्यात झोपून बघू."

मास्तर उठून बसले. कप कलंडला आणि चहा चादरीवर सांडला, तिकडे कोणी बघितलं नाही. आता गप्प बसलो तर ही त्या वाळूत जाऊन झोपेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. बावीस वर्षं घशात अडकलेली गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत ओकून टाकली. अक्षर, चिन्ह, ब्लेड, वाळू, दोघी. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

"ही चूक झाली," शेवटी ती म्हणाली. "माणसाच्या हातून होते. मीही एकदा बस मागे घेताना..." तिने मान झटकली. "पण नंतर? नंतर काय केलंत?"

मास्तर नकाशाची सुरळी करू लागले.

"अहो, नंतर काय केलंत?"

"त्या माणसाचं पत्र आलं होतं," मास्तर चादरीकडे बघत म्हणाले. "कचेरीत. डोंगराच्या अलीकडे ते गाव आहे ना, तिथून. त्याचा नकाशा तंबूबरोबर वाहून गेला होता. त्याने लिहिलं होतं, की मी चिन्ह बघूनच तिथे गेलो असं मला आठवतं, पण सगळे म्हणतात मीच चुकीचं वाचलं. आपण कृपया खात्री करून सांगावी."

"मग?"

"साहेबांनी जुन्या प्रती परत मागवून लगदा करायला पाठवल्या. मला शीट दुरुस्त करायला दिलं. मी तंबू खरवडला, वरच्या काठावर नेला, ओढ्याची रेघ जोडली. ते छापून त्याला पाठवलं. सोबत पत्र, की चिन्ह उंच काठावरच आहे, सोबतचा नकाशा पाहावा." मास्तरांनी चादरीवरचा डाग तळव्याने झाकला. "पत्रावर सही साहेबांची होती. नकाशा माझा."

बाईने कप उचलला, चादर ओढून काढली आणि घेऊन गेली. नंतरचे तीन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, औषधं ठेवायची, आणि नजर मात्र त्यांच्या खांद्यावरून पलीकडे. ज्या घरात तिचा आवाज रेडिओच्या वर चालायचा तिथे घड्याळ ऐकू यायला लागलं. मास्तरांना वाटलं, झालं, ज्याला भ्यालो तेच झालं. चौथ्या दिवशी सकाळी ती टेबलावर बसली, केसांतली पेन्सिल काढली आणि उत्तरेच्या रस्त्यावर डोंगराच्या अलीकडे असलेल्या एका गावाभोवती गोल काढला.

"पत्रावर पत्ता हाच होता ना?"

मास्तरांनी मान हलवली. तो पत्ता त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता.

"मग पहिला मुक्काम इथे."

"तिथे तंबूची जागा नाही," मास्तर पुटपुटले.

"माणूस आहे ना? आणि नसला तर तसं कळेल. उद्या सकाळी निघायचं." मग तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. गाडीत बसलात म्हणजे मिटलं असं समजू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास व्हॅन त्या गावात शिरली. पत्त्यावरच्या गल्लीत शिंपी, झेरॉक्स, आणि मधे एक चिंचोळं दुकान. दारावर जुनी पाटी होती, चष्म्याचं चित्र काढलेली, आणि तिच्यावर रंगाने फुली मारून खाली लिहिलं होतं, 'चाव्या करून मिळतील'. बाई शिंप्याला विचारायला उतरली. शिंपी खुशीत आला. "तोच तो. आधी चष्मे करायचा. पण बाई, चष्मेवाल्यालाच नकाशा दिसला नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक थांबतंय होय!" त्याने हसून बाईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बघून गुपचूप मशिनीकडे वळला.

मास्तर पुठ्ठ्याची नळी छातीशी धरून गाडीत बसून होते. पाण्याचा आवाज इतका मोठा झाला होता, की बायको दार उघडून काय म्हणते तेही त्यांना ऐकू आलं नाही. तिने त्यांचा दंड धरला, उतरवलं आणि दुकानाच्या पायरीपर्यंत सोडलं. पायरी त्यांची त्यांना चढायला लावली.

आत भिंतभर खिळ्यांवर कोऱ्या चाव्या लटकत होत्या. साठीतला एक माणूस मशीनवर चावी घासत होता, पितळेची भुकटी त्याच्या मनगटांवर बसली होती. त्याने मान वर न करता विचारलं, "कुठली चावी?"

मास्तरांनी नळीतून नकाशा काढला आणि काउंटरवर पसरला.

माणसाने पाहिलं आणि मशीन बंद केलं. मग त्याने बोट नेलं. शोधलं नाही, रस्ता धरून गेला नाही, सरळ त्या काळ्या तंबूवर बोट ठेवलं. चारी बाजूंना कोरा पांढरा कागद होता. त्याने बोट उचललं नाही.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"मी काढलंय," मास्तर म्हणाले. "तुम्ही बरोबर वाचलं होतं. चिन्ह मी सरकवलं. ओढा मी खरवडला. तुमचं पत्र आल्यावर पुन्हा दुरुस्त करून पाठवलं तेही मीच. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

आता हा मारणार, अशा तयारीने मास्तरांनी डोळे मिटले. खरं तर त्यांना ते हवंच होतं. पण काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा माणूस स्टुलावर बसला होता आणि भुकटीने माखलेल्या हातांनी तोंड पुसत होता, त्यामुळे गालावर पिवळे पट्टे उठले होते.

"पहिली चार-पाच वर्षं मी भांडलो," तो म्हणाला. "सगळ्यांशी. मला दिसत होतं ना डोळ्यांसमोर, असंच, पांढऱ्यात काळं. मग तुम्ही पाठवलेला तो दुसरा नकाशा दाखवायचे सगळे मला. रोज बघून बघून मलाही वाटायला लागलं, की मीच चुकीचं वाचलं असणार. बायको म्हणत होती, वर काठावर ठोकू या. मी म्हटलं, नकाशात इथे आहे." त्याने कागदावर पडलेली पितळेची भुकटी फुंकली. "माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास गेला, साहेब. म्हणून दुकान बंद केलं. लोकांमुळे नाही."

"मला साहेब म्हणू नका," मास्तर कसेबसे म्हणाले, आणि मग रडू लागले. बाई दारात उभी होती, ती आत आली नाही. रडू दे, असंच तिला वाटत असावं.

माणसाने त्यांना माफ केलं नाही, पाणीही विचारलं नाही. नकाशाची वळलेली कड सरळ करत तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "माझ्या सासूबाई आहेत अजून. ब्याण्णव वर्षांच्या. त्यांची लेक गेली, नात गेली आणि मी तेवढा वर राहिलो, भांडी आणायला गेलो म्हणून. त्या दिवसापासून माझ्याशी बोलल्या नाहीत." त्याने मास्तरांकडे पाहिलं. "कान शाबूत आहेत त्यांचे. हे त्यांच्यासमोर सांगाल?"

"सांगेन."

"असंच? सरकवलं, खरवडलं, सगळं?"

"सगळं."

माणसाने ॲप्रन काढला, दुकानाचं शटर ओढलं आणि नकाशा सुरळी करून स्वतःच्या काखेत घेतला. मास्तर मागे बसले, तो पुढे बसला. बाईने व्हॅन गल्लीतून बाहेर काढली. बेचाळीस दिवसांचा बेत पहिल्याच दिवशी मोडला होता, पण तिने त्याचं नावही काढलं नाही.

"किती लांब आहे?" तिने विचारलं. "पत्ता सांगा, म्हणजे रस्ता बघायला बरं."

"रस्ता मी सांगतो," माणूस म्हणाला. "दर वर्षी जातो ना मी. दारापर्यंत."